कोपरावरचे पांढरे टाके

आई, तुला वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. जिन्यावरून घसरले खरी, पण फाटला तो कोट. हाताचं प्लास्टरही गेल्या महिन्यात निघालं, तेव्हा काळजी नको. आणि हसू नकोस, मी चक्क शिवणकाम शिकतेय!

आमच्या लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एक जपानी आजी आहेत. त्यांनी कोटाच्या कोपराला आतून निळं कापड लावलं आणि जाड पांढरा दोरा ओवून सुई माझ्या हाती दिली. या कामाला त्या साशिको म्हणतात. बघते तर काय, आपला धावदोराच की गं! फक्त टाके तांदळाच्या दाण्याएवढे, आणि मुद्दाम उठून दिसणारे.

"ठिगळ लपवू नकोस," आजी म्हणाल्या. "फाटलं तरी टाकलं नाही, हे दिसू दे."

आधी बोटं वळतच नव्हती. आता भराभर चालतात. काल मुकादमबाईंनी माझं कोपर निरखलं आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकांचे फाटके कपडे यापुढे तूच बघ." ओल्या चादरींचे ढीग उचलणं सुटलं एकदाचं!

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि तुझे डोळे? ताईने सगळं कळवलंय. लपवण्यात मी तुझ्यावरच गेलेय. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरव, मी येतेय.

तुझी धाकटी