भरल्या अंगाचा मंगेश

जव्हार

तीर्थरूप बाबांना सविनय नमस्कार.

मी सुखरूप आहे, केवळ थकले आहे.

फ्लूच्या साथीत आमच्या रुग्णालयातून सूर्यमाळ गावचा लहान्या नावाचा हडकुळा मुलगा चौथ्या दिवशी घरी गेला. लठ्ठ मंगेश मात्र आठवडाभर ऑक्सिजनवर आहे. “बाई, माझा पोर अंगानं भरलाय, त्याला काय होतंय?” असे त्याची आई म्हणाली आणि मीही त्याला तपासणीच्या रांगेत शेवटी बसवले. अतिमेदाने शरीराची संरक्षणयंत्रणा आधीच धुमसत असते. विषाणूशी ती उशिरा लढते आणि मग आवरत नाही, हे डॉक्टर म्हणून मला पाठ होते.

आज त्याने प्रथमच पेज मागितली. त्याच्या आईने माझे आभार मानले. ते मला घेववले नाहीत.

बाबा, तुमचे वजन आई कळवत नाही. लस घेतल्याचे तुम्हीच कळवा. “मी धडधाकट आहे” हे उत्तर मी आता कोणाकडूनही स्वीकारत नाही.

आपली,
मृदुला