मागचे दोन दिवे

दि. ४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही असशील असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल एक ओळही नव्हती. सगळं गाडीबद्दल.

फोन न करता लिहिते आहे. फोन बैठकीत आहे आणि बाबा हल्ली बैठकीतच बसतात. त्यांच्यासमोर बोलायला काही अडचण आहे असं नाही. पत्रात नीट सांगता येतं, एवढंच.

तुझी गाडी बाहेर काढली. तू गेल्यापासून ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी होती. टायरवाले काका हवा भरायला आले. म्हणाले, "मालक पळाला तरी ही जागची हलली नाही. गुणी आहे." बाबा हसले. तुझा विषय निघाला आणि ते हसले, हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

गाडी विकून टाका, असं तू आधी लिहिलं होतंस. ते मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "विकायची कशाला? त्याची आहे, त्याला पोचती करू. मागचे दिवे तिकडचे करून देतो आणि मी स्वतः बोटीवर चढवून घेऊन जातो." मी तुला कळवलं. तूही हो म्हणालास. तिकडे गाडीशिवाय कामावर जाता येत नाही म्हणालास. तुम्हा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, या आनंदात बेकरीतल्या कामावरून येताना मी रस्त्यात मधेच थांबले होते.

तू गॅरेज बंद करा म्हणालास, तेव्हा ते तुला काय म्हणाले हे तू विसरला नसशील. "जा, तिकडेच उलटा चालव." बाबांनी कुणाची माफी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. दिवे बदलून देतो म्हणाले, ते मी माफीसारखं ऐकलं. तूही तसंच ऐक.

काम तुला ठाऊकच आहे. त्याच कामावर आपण दोघं वाढलो. फक्त दिशा उलटी. बोटीतून तिकडच्या गाड्या उतरायच्या. तिकडे रस्त्याच्या उजव्या अंगानं चालवतात, म्हणून धुक्याचा लाल दिवा मागे डावीकडे आणि रिव्हर्सचा पांढरा उजवीकडे. बाबा दोन्ही काचा काढायचे, अदलाबदल करायचे, वायरी फिरवायचे. आपल्याकडे लाल उजवीकडे. "धुक्यात मागच्याला आपली रस्त्याच्या मधली कड दिसली पाहिजे," हे त्यांनी आपल्याला अक्षरं शिकायच्या आधी शिकवलं. तुझे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते तेव्हा तू खाली वाकून हातांनी ब्रेक दाबायचास आणि बाबा मागून ओरडायचे, "अरे, जोर लाव, भाकरी खाल्ली नाहीस का!"

सोमवारी आम्ही तुझ्या गाडीचं काम केलं. मी आत बसले. ते मागे उकिडवे. "लाव." मी बटण दाबलं. "कुठला?" मी आरशात पाहिलं. "डावा." "झालं," ते म्हणाले.

काल पाहिलं तर लाल काच पुन्हा उजवीकडे होती. वायर तपासायला काढली असेल आणि लावताना चुकली असेल. आज त्यांनी पुन्हा बदलून दिली. तेव्हा बंदरावरच्या तपासणीला थोडा उशीर होईल. काळजीचं कारण नाही.

जेवणखाण वेळेवर कर. तिकडे थंडी आहे असं वाचलं.

तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. आधी बातमी सांगते. तपासणीत गाडी नापास झाली.

रागावू नकोस. नीट वाच.

बंदरावर गेलो. तपासनीस तोच आहे, मिशीवाला. मिशी आता पांढरी झाली आहे. बाबांना पाहून उठून उभा राहिला. "उस्ताद! आज उलट्या वाटेनं?" बाबांनी मान हलवली. त्यांनी स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. गाडी ते स्वतः चालवत होते, नेहमीसारखी, हळू आणि सरळ.

ब्रेक झाले, इंडिकेटर झाले. मग तपासनीस मागे जाऊन उभा राहिला.

"उस्ताद, धुक्याचा लावा."

बाबांनी लावला. तपासनीसानं आधी माझ्याकडे पाहिलं.

"उस्ताद, हा उजवीकडे लागतोय."

"मग कुठं लागायला हवा?"

"गाडी तिकडे चाललीय ना?"

बाबा उतरले. मागे गेले, खाली बसले, लाल काचेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. काम माझं आहे. मी कुणाला चुकीचं काम करून दिलेलं नाही."

"चुकीचं कोण म्हणतंय? उलटं आहे, एवढंच."

"तू शिक्का मार."

रांगेतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. तपासनीस वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि त्यांना हाताला धरून उठवलं. इतक्या वर्षांत त्यानं बाबांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. निघताना मला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी गाडी तुम्ही आणा."

परत येताना बाबा आपली गल्ली ओलांडून पुढे गेले. गप्पांच्या नादात राहिलं, म्हणाले. आम्ही गप्पा मारत नव्हतो.

तू परवा फोनवर म्हणालास, चौकातल्या नव्या गॅरेजात टाक, हातासरशी करून देतील. बाबा शेजारी होते म्हणून मी "हो हो, इकडे ऊन छान आहे" म्हणाले. तुला वाटलं मी टाळते आहे. टाळतच होते. तू म्हणालास, "ताई, दोन दिवे आहेत, विमान नाही." ते खरं आहे. ते मलाही येतं. स्क्रू काढायचे, काचा बदलायच्या, दोन वायरी फिरवायच्या. बेकरीत दिवसभर पीठ मळणाऱ्या हातांना ते जड नाही.

तपासणीच्या आदल्या दुपारी बाबा झोपले असताना मीच ते करून ठेवलं होतं. डावीकडे लाल. स्वतः लावून, मागे जाऊन पाहिलं होतं.

बाकीचं सावकाश लिहीन.

ताई


दि. २ मार्च

प्रिय बारक्या,

तुझं पत्र मिळालं. महिनाअखेर गाडी हवी, नाहीतर तिकडे दुसरी बघतोस, हे वाचलं. तू चिडला आहेस. माझ्यावर चिडलास तर चालेल.

आता सांगते.

दिवे बाबा उलटे करतात. मी बदलून ठेवले की सकाळी मी बेकरीत गेल्यावर ते गॅरेजात जातात आणि पुन्हा इकडच्यासारखे करतात. चौकातल्या गॅरेजवाल्यालाही मी बोलावलं होतं. बिचारा घरी येऊन करून गेला. दुसऱ्या दिवशी लाल पुन्हा उजवीकडे. आधी मला वाटलं, हातांची सवय. त्या हातांनी जन्मभर एकाच दिशेनं काम केलं, आता उलट वळत नाहीत. मी ती समजूत धरून बसले. सोयीची होती.

आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुला न सांगता. आधी पावसाळ्यात गेलो होतो, मग बैठकीतल्या खुर्चीपाशीच ते आपली खुर्ची शोधत उभे राहिले तेव्हा पुन्हा. डॉक्टर चांगली बाई आहे. तिनं सरळ सांगितलं, हे कमी होणार नाही, वाढत जाईल. जुनं सगळ्यात शेवटी जातं, म्हणाली. काम सगळ्यात शेवटी.

तू विचारशील, कळवलं का नाहीस. तुमचं दोघांचं बोलणं नव्हतं. मला वाटलं, आजारपण ऐकून तू आलास तर ते येणं आजारपणाचं होईल. मला तुझं येणं हवं होतं. हा माझा हट्ट होता आणि त्यात वेळ गेला.

गेल्या आठवड्यात मी बेकरीतून लवकर आले. गॅरेजचं दार उघडं होतं. बाबा तुझ्या गाडीमागे बसले होते, तोंडात दोन स्क्रू. मला पाहून उठले, हात पुसले, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "या बाई. तुमची गाडी कोणती?"

मी तुझ्या गाडीचा रंग सांगितला.

"हीच की," ते म्हणाले. "झालीच आहे. बसा आत, बटण दाबा."

मी बसले. ते मागे गेले.

"लाव," म्हणाले. हा आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा नव्हता. माझ्याशी बोलायचा होता. मी बटण दाबलं.

"कुठला?"

"उजवा, बाबा."

"झालं. आता आपल्या रस्त्याची झाली."

मी आरशातून पाहत राहिले. ते उठले, डिकीवर हात ठेवून उभे राहिले आणि दाराकडे पाहायला लागले. मग माझ्या खिडकीशी आले. मला ओळखलं होतं. चेहऱ्यावरून कळतं ते आता.

"काय गं, गाडी बोटीतून उतरून एवढा वेळ झाला. पोरगं कुठं राहिलं?"

बारक्या, हे मला इतके दिवस समजलं नव्हतं. ते चुकत नव्हते. तिकडून गाडी येते, त्यांच्यापाशी येते, ते दिवे इकडचे करतात, हेच त्यांना माहीत आहे. तुझी गाडी दारात उभी आहे. म्हणजे तू उतरला आहेस. ते तुझी गाडी तिकडे पाठवत नाहीत. तू आलास म्हणून ती इकडच्या रस्त्याची करत आहेत. रोज सकाळी तू नव्यानं येतोस.

मी म्हणाले, "बंदरातल्या खिडकीवर गेलाय, बाबा. कागद करायला."

"हां," ते म्हणाले. "रांग असेल." आणि तिथेच स्टूल ओढून बसले. दुसरं स्टूल फडक्यानं पुसलं आणि शेजारी ठेवलं. मग म्हणाले, "त्याला सांग, पोराकडून मजुरी घेत नाही मी. पण चहा त्याच्याकडून."

त्या दिवसापासून मी दिव्यांना हात लावलेला नाही.

गाडी मी पाठवणार नाही. तुला तिकडे अडचण होईल, ते मला कळतं. दुसरी घे. चौकातला गॅरेजवाला म्हणतो, एकदा बोटीवर चढवून द्या, तिकडे कुणीही दिवे बदलेल. तेही खरं. पण गाडी गेली की त्या गॅरेजात भिंत राहील आणि सकाळी तू कशातून उतरलास, हे त्यांना कळणार नाही.

मी तुला त्यांचं करायला बोलावत नाही. त्यांचं मी करते आणि करेन. आंघोळ, औषध, रात्री दार लावलंय का ते तीनदा पाहणं. बेकरीत मालकीण समजून घेते. माझी तक्रार नाही. कधी कधी असते, पण ती तुझ्यावर नाही.

एवढंच आहे की ते तुला अजून ओळखतात. मी कधी ताई असते, कधी गिऱ्हाईक. तू मात्र रोज पोरगंच असतोस. हे किती दिवस राहील, डॉक्टर सांगत नाही. मी विचारलं नाही.

आलास तर घरी सांगायचं काही नाही. समजवायचं नाही, जुनं काढायचं नाही. गॅरेजच्या दारातून आत ये आणि म्हण, रांग होती. ते म्हणतील, एवढी? मग चहाचं विचारतील. चहाचे पैसे खिशात ठेव.

आज सकाळीही त्यांनी विचारलं. मी म्हणाले, खिडकीवर आहे. त्यांनी शेजारचं स्टूल पुन्हा पुसलं. मग मला म्हणाले, "मी बंदरावर उभा जन्म काढला गं. एवढी रांग नसते."

कागद झाले असतील तर ये.

तुझी,
ताई