झाकलेली ओळ

लातूर
५ ऑगस्ट २०१८

प्रिय माया,

जय भीम. धम्मानंदरावांचा गुडघा आता कसा आहे? विष्णुपुरीच्या धरणात पाणी आलं का? इथे नळाची वाट बघणं चालूच आहे. माझी तब्येत बरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही.

निवृत्तीनंतर मी काय करते, असं तू दिवाळीच्या फोनवर विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. आज सांगते. रविवारी दुपारी शेजारच्या वसतिगृहातल्या मुली माझ्या पुढच्या खोलीत जमतात. सगळ्या मेडिकलच्या तयारीच्या, बऱ्याचशा दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या. आठवडाभर उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करतात आणि रविवारी माझ्याकडे येऊन कविता, कादंबऱ्या वाचतात. पहिल्या दिवशी हिमायतनगरच्या मनस्विनीनं विचारलं, "मॅडम, चुकलं तर मार्क कापणार का?" मी नाही म्हटल्यावर सगळ्या मांडी घालून ऐसपैस बसल्या.

आपल्याला शिकवणाऱ्या सिस्टर अन्सेल्मांची पद्धत मी सोडलेली नाही. आठवतं ना, कविता वाचताना त्या शेवटच्या ओळीवर तळहात ठेवायच्या. आधी प्रत्येकीनं आपला शेवट सांगायचा, मग हात उचलायचा. "तुमचा शेवट तुम्ही कोण आहात ते सांगतो, कवीचा शेवट तो कुठून आला ते." कादंबरी असेल तर शेवटचा परिच्छेद झाकायचा. मी मुलींचे शेवट फळ्यावर लिहिते, आणि मग आम्ही बोलतो. जुनी अरबी कविता विझलेल्या चुलीपासून का सुरू होते, पेरू देशातला खाणकामगार स्वतःच्या आईला पत्रात खोटं का लिहितो, असं काहीबाही.

आता जे लिहायला बसले ते.

फळ्यावर एक शेवट जास्त येतो. मी पाठमोरी असते, ऐकते, लिहिते. वळून बघितलं की मुलींपेक्षा ओळी जास्त. तो जादा शेवट कुणाचा, ते कुणीच सांगत नाही. आधी मला चेष्टा वाटली. आइसलँडची एक कादंबरी घेतली होती, कोळ्याची रिकामी होडी किनाऱ्याला लागते ती. मुलींनी कोळ्याला बुडवला, पळवला, दुसरं लग्नही लावून दिलं. आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात होतं, 'होडी परत आली म्हणजे कुणीतरी तिचा दोर सोडला.' अरबी कवितेला, 'राखेत हात घालून बघा, अजून कोमट आहे.'

माया, असं कोण बोलायचं ते तुला मी सांगायला नको.

मी मुलींना खोदून विचारलं. त्यांनीही आवाज ऐकला होता, पण प्रत्येकीला तो दुसऱ्या कुणाचा वाटला होता. मनस्विनी म्हणाली, "मुलगी नव्हती मॅडम. मोठ्या बाईचा आवाज होता." मी ते मनावर घेतलं नाही. तुझी उत्पला असती तर आज मोठी बाईच झाली असती. तिथेही वय वाढत असेल, असं मी स्वतःची समजूत घातली.

चहा उदगीरची पार्वतम्मा आणते, वसतिगृहाचा स्वयंपाक तिच्याकडे आहे. ती दर वेळी एक कप जास्त भरते. परवा मी टोकलं तर म्हणाली, "आन् त्या दारातल्या बाईला? किती दिस झाले, उंबऱ्यातच उभ्या हायत. आत का येत न्हाईत, अक्का?" दारात ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

उत्पला बारावीला माझ्याकडे होती तेव्हा आम्ही दोघी याच खोलीत वाचायचो. अनंत चतुर्दशीच्या दुपारी सिस्टरांनी बक्षीस दिलेल्या पुस्तकातली ती जपानी कविता काढली होती. हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईची. तिची लेक डोंगरापलीकडे गेलेली, बर्फ पडतंय, आणि रोज संध्याकाळी हिला अंगणात पावलं वाजलेली ऐकू येतात. मी शेवटच्या ओळीवर हात ठेवला. तेवढ्यात विसर्जन बघायला औशाकडच्या गावी न्यायला तिची मैत्रीण आली. चप्पल घालता घालता उत्पला म्हणाली, "मावशी, माझा शेवट उद्या आल्यावर सांगते. तोवर हात काढायचा नाही हं!"

पहाटे भूकंपात त्या गावाचं काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

मी हात काढलेला नाही. त्या ओळीवर जाड कागद टाचला, तो आजही तसाच आहे. तू तिची ट्रंक न्यायला आलीस, तेव्हा दारातच उभी राहिलीस. मी "आत ये" म्हटलं. तू आली नाहीस. त्यानंतर लातूरला कधीच आली नाहीस, आणि मीही फोनवर गुडघे आणि पाऊस यापलीकडे गेले नाही.

मागच्या रविवारी मुली निघाल्या तेव्हा मनस्विनी मागे रेंगाळली. "मॅडम, त्या मोठ्या बाई विचारत होत्या, हात काढला का? म्हणजे काय?" त्या कवितेबद्दल मी इथे कुणाशी कधीही बोललेले नाही.

दसऱ्यानंतर ही जागा पुतण्या एका क्लासला देणार आहे, भिंती पाडून हॉल करायचाय. त्याआधी ती कविता वाचायला हवी. तिला तिचा शेवट सांगू द्यायला हवा. पण तुझ्याशिवाय तो कागद काढायचा मला अधिकार नाही. काढल्यावर ती पुन्हा येणार नाही, अशीही भीती वाटते. तू ठरव. पण इथे येऊन ठरव.

तुझी वाट बघणारी,
इंदू

*

लातूर
१६ सप्टेंबर २०१८

प्रिय माया,

सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली ना?

तू गेल्यापासून गेला रविवार पुन्हा पुन्हा मांडून बघते आहे. तू खुर्चीत बसलीस, पर्स मांडीवर, जणू लगेच निघायचंय. मी कविता वाचली, कागद काढून त्या जागी तळहात ठेवला. मुलींनी आपापले शेवट सांगितले. एकीची लेक परत आली, एकीची आई डोंगर चढून गेली. मग मी थांबले. सगळ्याच थांबलो. तू दाराकडे बघत होतीस आणि मी जमिनीकडे. तो जादा आवाज आलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांनी तुला बोलावलं, ते अशा रिकाम्या शांततेसाठी!

आणि तू बोललीस. कवितेचा शेवट म्हणून नाही, आपण घरात बोलतो तसं. "दार लोटलेलं आहे, बाळा. चपला बाहेर काढ, पाय पूस आणि ये."

मुली एकदम तुझ्याकडे वळल्या. मनस्विनी उठून उभी राहिली. "ह्याच की, मॅडम," ती म्हणाली. "दर रविवारी ह्याच बोलतात." तेवढ्यात चहा घेऊन आलेली पार्वतम्मा तुझ्याकडे बघून सहज म्हणाली, "आल्या का आत? बरं झालं बाई. माझेच पाय दुखत होते बघून बघून."

"ट्रंक नेली त्यानंतर मी आजच इथं येतेय," तू म्हणालीस. रविवारी दुपारी विष्णुपुरीच्या घरात तुझा डोळा लागतो आणि जाग आल्यावर तळपाय उन्हात उभं राहिल्यासारखे भाजत असतात, हे मला तू बसस्टँडवर सांगितलंस. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी सगळा वेळ लेकीची वाट बघत होते आणि उंबऱ्यावर आई उभी होती.

माझा हात तूच उचललास. मी इतकी वर्षं न वाचलेली ती ओळ आपण दोघींनी डोकी एकमेकींना टेकवून वाचली. मुलींना मी नंतर तिचं मराठी करून दिलं, फळ्यावर सगळ्यात खाली:

'आत ये, आत ये म्हणते आहे, आणि बाहेर मीच उभी आहे.'

आजही मुली जमल्या होत्या. फळ्यावर जितक्या मुली तितकेच शेवट. पार्वतम्मानं कप मोजून भरले. उत्पला या खोलीत कधी आली होती की नाही, ते आता मला सांगता येणार नाही. वाईट वाटलं का? वाटलं. मी वळून दाराकडे बघितलं, सवयीनं.

जागा जाईल तेव्हा जाईल. तोवर ती खुर्ची मी हलवलेली नाही. पुढच्या वेळी मात्र बसनं ये, झोपेतून नको. चपला काढ, पाय पूस.

आत ये.

तुझी
इंदू