चार डिस्कांतली नूतन

सोमवार, ४ मार्च
आज पेणला पहिला दिवस. रोह्याहून सकाळच्या गाडीने आले. फोटो स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, खाली मूर्तींचा कारखाना. मालक सुशीलभाऊ गोड बोलतात. काम सोपं आहे. गेल्या बारा वर्षांतल्या लग्नांचे फोटो बाहेरून जोडायच्या चार हार्ड डिस्कांवर आहेत. चौघी मिळून एकच साठा, प्रत्येक फोटो तुकड्यातुकड्याने चौघींवर पसरलेला. तो जुन्या कॉम्प्युटरवरून सोडवून नव्यावर उघडायचा. कारखान्यातल्या जनीमावशींनी हाक मारली, "नवी काय गो तू? चा घे." लागली एकदाची नोकरी!

मंगळवार, ५ मार्च
डिस्कांवर नंबर चिकटवले. जुन्यावर साठा नीट बंद केला, मगच केबली काढल्या. नव्याने चौघींना लगेच ओळखलं. सगळी लग्नं जागच्या जागी. एक फोल्डर मात्र जास्तीचा: 'नूतन'. जुन्यावर तो नव्हता. आत एकच व्हिडिओ, याच खोलीचा. बंद दार, माझी खुर्ची. रिकामी.

बुधवार, ६ मार्च
भाऊंना दाखवला. चेहरा उतरला त्यांचा. पुसून टाक म्हणाले. पुसला. साठा पुन्हा उघडला, तर परत तिथेच. आता खुर्चीत एक मुलगी, पाठमोरी.
जनीमावशींना विचारलं. आधी नाय नाय म्हणाल्या, मग बोलल्या. नूतन जिते गावची, माझ्याच जागेवर होती. काम संपेपर्यंत भाऊ बाहेरून कुलूप लावायचे. एका दुपारी इन्व्हर्टर पेटला, भाऊ चावी घेऊन गडब गावी लग्नात. ती आतच धुरात गुदमरून गेली. पोलिसांना सगळ्यांनी सांगितलं, दार उघडंच होतं. मावशींनीसुद्धा.
"कारखाना त्यांच्याच जागेत हाय गो. आमी काय करनार?"

गुरुवार, ७ मार्च
भाऊ म्हणाले, तीन नंबरची डिस्क काढून फेक. काढली. तरी सगळं उघडतं. हा साठा असाच बांधलेला असतो, एक गेली तरी उरलेल्या तिघी तिचा वाटा भरून काढतात. नूतनही उघडते. आता ती दारावर थापा मारतेय. आवाज नाही.
पुसणार नाही, असं भाऊंना तोंडावर सांगितलं. व्हिडिओ मोबाइलवर घेतलाय. उद्या जित्याला जाऊन तिच्या आईला देणार.

शुक्रवार, ८ मार्च
मोबाइल भाऊंनी मागून घेतला, एक फोन करायचाय म्हणून. गोड बोलून. मग म्हणाले, सगळ्या डिस्का कोऱ्या कर, मगच घरी जा.
बाहेर कुलूप लागलं.

हरले. पुसतेय. जात नाही— तिने माझ्याकडे तोंड वळवलंय— खोकतेय—

घसा जळतोय. इन्व्हर्टर थंडगार आहे, हात लावून बघितला. तरी धूर—

खिडकीतून ओरडले. जनीमावशी अंगणात मूर्तीचे डोळे रंगवत होत्या. वर बघितलं. नीट बघितलं माझ्याकडे. मग मान खाली घालून पुन्हा ब्रश—

मावशी, मी अजून