पांढरा गिअर

१२ मे, सकाळ

...एप्रिलमधल्या त्या सकाळी अंगण झाडून झालं होतं, पाणी भरलं होतं, आणि मी बांबूच्या वलांडीवर सुकत टाकलेले बोंबील उलटे करत होते. हे ओट्यावर बसून ठोकळ्यांच्या गाडीचं चाक हातात घट्ट धरून रिमोट दाबत होते. चाक अडलं की आतून टक टक टक आवाज यायचा आणि हे हसायचे. मी चहा दिला तरी हसतच होते. मग डबा घेतला, बोईसरला कंपनीच्या बसने गेले. डबल शिफ्ट होती. दुसऱ्या दिवशी येताना बसमध्ये बसल्या जागीच गेले. शेजारच्याला वाटलं, झोप लागली.

हे मी आठवण म्हणून लिहीत नाही. भाविकाने पालघरहून ही डायरी आणून दिली. म्हणाली, आई, रडू आलं की लिही. मला रडू येत नाही. डायरी कोरी कशाला ठेवायची म्हणून गाडीच्या कामाची नोंद ठेवते.

गाडी ठोकळ्यांची आहे. भाविकाच्या लहानपणीच्या खेळातले ठोकळे, तिचं लग्न झाल्यावर यांनी माळ्यावरून काढले आणि मोटर, रिमोट लावून ट्रक केला. बाजारात मिळत नाहीत ते गिअर हे लॅपटॉपवर काढायचे आणि सालवडला इंद्रजीतच्या थ्री-डी छपाईच्या दुकानातून छापून आणायचे. लग्नपत्रिका छापतात तसे गिअर छापतात, हे मला तेव्हाच कळलं.

गेल्या नारळी पौर्णिमेला हे अख्ख्या आळीसमोर बोलून बसले, पुढच्या वर्षी आपला नारळ माझी गाडी नेईल पाण्यापर्यंत. माणूस गेला म्हणून शब्द जात नाही. गाडी मी पूर्ण करणार. एक टकटक तेवढी काढायची राहिली आहे. फार तर आठवड्याचं काम.

१५ मे

मोठ्या जाऊबाई, इंदुबाई, कुंपणावरून बोलल्या, "वर्स झालं नाय अजून. तुज्या घरचा नारळ कसा जाईल गो?" मी म्हटलं, नारळ मी नेत नाही, गाडी नेते. गाडी प्लास्टिकची आहे, तिला सुतक नसतं. त्या म्हणाल्या, "आत्मारामनं तुला शिकवायला नको व्हतं. बोंबील सुकवायचं सोडून ठोकळं जोडत बसली हाय."

मला कोणी शिकवलेलं नाही. मी वाचून शिकते. चौथीनंतर जे काही आलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून आलं.

२० मे

गाडी पूर्ण खोलली. टकटक कुठून येते ते सापडलं. मधोमध एक पांढरा गिअर आहे, जोर आला की तो आतल्या आत घसरतो. म्हणजे माल कच्चा. यांच्या लॅपटॉपमध्ये गिअरचं इंग्रजी पुस्तक आहे, शब्दकोश घेऊन वाचते आहे. क्लचचं प्रकरण सोडून दिलं. क्लच स्कूटरला असतो, मला माहीत आहे.

गाडी परत जोडली. चार तुकडे उरले. जास्तीचे असणार.

२३ मे

सालवडला गेले. इंद्रजीतला पांढरा गिअर दाखवला, म्हटलं, असाच हवा, पण न घसरणारा. तो म्हणाला, "मावशी, ये जानबूझकर फिसलता है. काकांनीच तसा काढलाय. चार वेळा बदलून नेला, बरोबर घसरेपर्यंत."

आजकालच्या पोरांना छपाई नीट जमली नाही की सबब तयार असते. गिअर माझा मीच काढणार.

३० मे

काढला. कागदावर, मापांसकट. यांचा माप घ्यायचा व्हर्नियर कसा धरायचा ते मला पाहून पाहून येतं. दात जाड ठेवले, म्हणजे झिजायला नकोत. इंद्रजीतने छापून दिला. घरी आणून बसवला. शेजारचा गिअर आणि हा एकमेकांना टेकतात, पण एकमेकांत बसत नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी आमचं तसंच होतं. नंतर बसलं.

दात बारीक करून पुन्हा तीन-चार छापायला दिले.

३ जून

नव्या गिअरना वास येत होता. धुतले आणि आपल्या सवयीने वलांडीवर उन्हात टाकले. दुपारी पाहिलं तर पापडासारखे वाकडे झालेले. एक कावळ्याने नेला.

इंद्रजीतने फोनवर विचारलं, मावशी, उन्हात तर नाही ना ठेवले? मी म्हटलं, छे. यंदाचं ऊनच वेगळं आहे.

१९ जून

भाविका आली होती. बाबांचं टेबल आवर आणि माझ्याकडे चल, म्हणाली. मी म्हटलं, नारळी पौर्णिमा झाली की टेबलही आवरते आणि येतेही. तिने विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, गाडीच्या ग्रीसचा हात लागला. ती म्हणाली, ठोकळ्यांना ग्रीस लागत नाही, आई.

मग सर्दी असेल.

तिने दोन कप चहाही पाहिले. मापाची सवय आहे, एवढंच. दुसरा कप मी नंतर गरम करून पिते. वाया काही जात नाही.

११ जुलै

इंद्रजीतकडून नायलॉनचा गिअर आला! अखंड, भरीव, कुठेही घसरणार नाही. बसवला. चाक हातात धरून रिमोट दाबला. टकटक बंद. गाडीने माझा हात ओढून नेला. काय जोर!

यांना सात-आठ महिने जमलं नाही ते मला जमलं. दाखवायला हवं होतं.

पांढरा गिअर काड्यापेटीत ठेवला. टाकून देणार होते, पण आज कचऱ्याची गाडी आली नाही.

१२ जुलै

कचऱ्याची गाडी आली. मी आत होते.

२ ऑगस्ट

सराव. ओसरीच्या फरशीवर गाडीत नारळ ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत. उत्तम. इंदुबाई पायरीवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "फरशीवर बेडूक पन धावतो. वाळूत ने." मी म्हटलं, बाहेर ओल आहे, उगाच गाडी खराब होईल. वाळू म्हणजे तरी काय, बारीक केलेली फरशीच.

त्या उठताना म्हणाल्या, "तो टकटक वाजवायचा तवा बरं वाटायचं गो. भिंतीपल्याड कळायचं, घरात हाय." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नारळी पौर्णिमा, रात्र

लिहायचं तर सगळं लिहावं.

नारळाला सोनेरी कागद लावला. बँड पुढे गेला, बायका नाचत गेल्या, होड्यांना पताका होत्या. मी मागे राहिले, वर्षाच्या आतलं घर म्हणून. सगळे किनाऱ्यावर पोचल्यावर गाडी कोरड्या वाळूत ठेवली आणि रिमोट दाबला.

निघाली. खरंच निघाली. पोरं ओरडायला लागली, आत्मारामकाकाची गाडी, आत्मारामकाकाची गाडी. लोकांनी वाट दिली. मला एवढं हसू आलं की तोंडावर पदर घेतला.

पाणी आठ-दहा हातांवर राहिलं आणि ओली वाळू लागली. चाकं रुतली. मी रिमोट दाबून धरला. टकटक आली नाही. काहीच घसरलं नाही, कशानेच माघार घेतली नाही. आतून घूं असा आवाज आला, मग बारीक झाला. मी तरी दाबून धरला, जोर आहे, निघेल म्हणून. मग जळका वास आला. ठोकळ्यांच्या फटीतून धूर निघाला, उदबत्तीएवढा. तेव्हा कुठे बोट उचललं.

बँड वाजतच होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

इंदुबाई गर्दीतून आल्या. वाकून नारळ उचलला. मी म्हटलं, जाऊबाई, वर्ष झालं नाही. त्या म्हणाल्या, "गप. त्याच्या गाडीनं आनला हितवर. फुडं मी हाय ना." कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि नारळ सोडला. मी गाडी पदरात घेतली. गरम होती.

घरी येऊन क्लचचं प्रकरण वाचलं. दीड पानाचं आहे. गाडी अडली की हा गिअर घसरतो, म्हणजे मोटर जळत नाही. टकटक वाजली म्हणजे गाडी बिघडलेली नसते, वाचलेली असते.

म्हणून हसत होते.

मोटर नवी मिळते, इंद्रजीतने फोनवर सांगितलं. मिळत असेल. त्या मोटरच्या तारांवरचा डाख यांच्या हातचा होता.

एक गोष्ट कळत नाही. हातभर गाडीसाठी चार वेळा गिअर बदलला, तिच्यावर भार येऊ नये म्हणून. आणि साहेबाने डबल शिफ्ट सांगितली की हो. परत सांगितली की परत हो. मीही डबा दोन वेळचा भरून द्यायची.

मला सर्दी झालेली नाही.

दुसरा दिवस

सकाळी अंगण झाडलं. पाणी भरलं. गाडी खोलून नायलॉनचा गिअर काढला आणि काड्यापेटीतला पांढरा जागेवर बसवला. उरलेल्या चार तुकड्यांच्या जागाही सापडल्या. मोटर नाही, म्हणून एका हाताने चाक घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने आतली दांडी फिरवली. टक टक टक. भिंतीपलीकडे इंदुबाईंचा भांड्यांचा आवाज थांबला. मी थोडा वेळ फिरवत राहिले.

मग चहा केला. एक कप.