तुह्या नावाचा कोरडा रांजन

प्रिय मोठीमाय,

तू होती तवा तुह्याशी दोन शब्द धड बोललो नाही, आन आता पत्र लिहून राह्यलो. पन आज दुपारी जे झालं ते घरात कोनाले सांगायची हिंमत नाही. म्हनून तुले सांगतो.

केनवडच्या बाजारातून आलो आन मारुतीच्या देवळापाशी गाडी थांबवली. पारावर एक म्हातारी बसली होती, उन्हानं पार सुकलेली. तिनं तिथल्या पान्याच्या रांजनाचं झाकन काढलं, आत वाकून पाह्यलं आन परत ठेवलं. मंग वरच्या फ्लेक्सवरचा तुहा फोटो दाखवून मलेच इचारलं, "काहो बाबू, ही बाई कोन आहे? पानी भरायचं नव्हतं त तिचं नाव कायले लावलं?"

मी म्हटलं, "मले नाही मालूम."

मोठीमाय, तुले मी ओळखत नाही म्हनालो. आन फ्लेक्सवर तुह्या फोटोखाली हात जोडून उभा कोन, त मीच. म्हातारीनं एकदा फोटो पाह्यला, एकदा मले पाह्यलं. तेवढ्यात रिसोडची काळीपिवळी जीप आली, तिच्यात बसून गेली. माह्या गाडीले पान्याची बाटली अडकवेल होती. ती देनंही सुचलं नाही मले.

तू किती वर्सं भरला तो रांजन? गाव उठायच्या आत हापशीवरून घागरी आनायची, नारळाच्या शेंडीनं रांजन आतून घासायची, वरून ओलं बारदान गुंडाळायची. गावाले वाटे, पुजारीबुवाच भरतात. सप्त्यात त्याइले शाल-नारळ देल्लं तवा तू मागं बसून टाळ्या वाजवत होती. बुवा बिचारे बोलाले उठले, त तूच हातानं खाली बसा म्हटलं.

मी घरी येऊन तुह्यावर भडकलो होतो. "काहून सांगत नाही तू?"

तू तांदूळ निवडून राह्यली होती. मान वर न करता म्हनाली, "पेनाऱ्याची तहान गेली ना? देवाले मालूम आहे. आनखी कोनाले सांगू?"

मले वाटलं, भोळी आहे बुढी. लोकाइसमोर घागर घेऊन निघाली का माही मान खाली जाये. तू पन काही कमी नाही! एकदा तरी "गजू, धर ही घागर" म्हटलं असतं त काय बिघडलं असतं तुह्यं?

तुही तेरवी झाली आन मले उमाळा आला. तुह्या नावानं पानपोई! फ्लेक्स छापला, माइक आनला, नारळ फोडला, फोटो मोबाइलवर टाकले. लोकाइनं हात जोडले, मी फुगलो. पानी भराले एक गडी सांगून ठेवला. त्यानं आठवडाभर भरलं आन सोडून देल्लं. मी रोज तिथून जाये, फ्लेक्स सरळ आहे का तेवढं पाहे. झाकन उचलून पाह्यलं नाही कधी.

म्हातारी गेल्यावर उचललं. आत पाल मरून पडली होती. वर तुह्यं नाव.

लाज वाटते, मोठीमाय. तुले जे नको होतं तेवढं देल्लं म्या, आन जे पाह्यजे होतं ते बंद पाडलं.

फ्लेक्स काढून गुंडाळून आनला. रांजन घासला. दोन घागरीतच कंबर धरली माही. तुही कशी नव्हती धरत? का धरे, आन ते पन सांगत नव्हती?

आता उद्यापासून गाव उठायच्या आत मी जाईन. बारदान ओलं ठेवीन. आन कोनी इचारलं, रांजन कोन भरते, त पुजारीबुवाचं नाव सांगीन.

तुहा नातू,
गजू