मारादेबेंच्या पलंगाचा कागद

प्रिय नोमवुयो,

तुझं पत्र पोचलं. डिसेंबरात आईच्या थडग्यावर बसवलेल्या दगडाचं अनावरण करायला केपटाऊनहून येते आहेस, माझ्याकडेच उतरणार आहेस, आणि त्या दिवशी बायबलमधला उतारा मीच वाचावा म्हणतेस. सिस्टर लुडविना माझ्या वाचनाचं कौतुक करायच्या ते तू अजून धरून बसली आहेस. मला आठवते ती कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात आपल्या साऱ्यांच्या चादरी धुणारी तुझी आई. मी मोठ्यानं वाचू लागले की साबणाच्या हातांनीच खिडकीशी यायची. इंग्रजी अक्षर कळत नसे, पण तुला म्हणायची, "बघ, नोझुकोचे शब्द कसे इस्त्री करून येतात."

आमच्या फर्निचरच्या दुकानात आता तळलेली कोंबडी विकतात. एकोणीस वर्षं मी तिथे नोकरी केली, पण तिथून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथनं जाते. एकाहत्तराव्या वर्षी तुझी आई, सगळ्यांच्या मारादेबे, तिथे आल्या होत्या, डोक्यावर नवा रुमाल बांधल्यासारख्या ऐटीत. "जन्मभर लोकांच्या चादरी धुतल्या. आता एक माझ्या पलंगावर घालायची आहे." म्हातारपणाच्या पेन्शनमधून दोन वर्षं त्यांनी हप्ते भरले. पलंगाची किंमत कधीच फिटली होती. मग इस्पितळाच्या टॅक्सीभाड्यात तीन हप्ते चुकले आणि कोर्टाचा कागद घेऊन माणसं आली. त्यांनी पलंग उचलण्याआधी तुझ्या आईनं चादर काढून नीट घडी घातली. शेजारणी अजून सांगतात. जुलैच्या थंडीत चटईवर झोपल्या, छाती भरली, आणि पुढचं तुला माहीत आहे.

तू गप्प बसली नाहीस. हप्त्याची फोड करून पाहिलीस, तर त्यात नोकरी गेल्यास हप्ते भरणारा विमा निघाला. पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या माथी नोकरीचा विमा. कर्जाच्या कायद्यात हे बसत नाही म्हणून तू कर्जाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार केलीस. कार्यालयानं दुकानाला विचारलं, दुकानानं करार दाखवला. तळाशी छापलेलं होतं, ग्राहकाला खोसा भाषेत सगळं समजावून सांगितलं आहे. खाली मारादेबेंचा अंगठा आणि कर्मचाऱ्याची सही. तक्रार तिथेच बंद झाली. त्या संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, "कोण गं ही निर्लज्ज? सहीसुद्धा वाचता येत नाही. तू तिथेच होतीस, शोध की." मी शोधते म्हणाले.

नोमवुयो, ती सही माझी आहे. दिवसाला चाळीस खरडायचे मी, म्हणून तुला अक्षर ओळखू आलं नाही. तुझ्या आईनं बोट ठेवून विचारलं होतं, "हे खाली बारीक काय आहे, बाळ?" वाचून दाखवलं असतं तर सारं दुकान ऐकेल एवढ्यानं हसली असती, "कसली नोकरी? कोण काढणार मला?" आणि मला ते खोडायला लावलं असतं. त्या महिन्यात मी किती विमे खपवले ते मॅनेजर मोजत होता. मी म्हटलं, "नेहमीचंच आहे, मा." ती म्हणाली, "तू वाचलंस ना, मग झालं." गेल्या आठवड्यात हे सगळं मी प्रतिज्ञापत्रात लिहिलं. मोफत सल्ला देणारी वकीलबाई म्हणाली, दाद मागायची मुदत जूनमध्येच संपली, आता हे कुठेच दाखल होणार नाही. तरी त्यावर शपथेचा शिक्का घ्यायला पोलीस ठाण्यात गेले. जाड चष्म्याच्या पोलीसबाईंनी शिक्का बाजूला ठेवला. "ताई, यात काय आहे ते समजलं, की वाचून दाखवू? विचारावं लागतं." मी म्हटलं, वाचा. ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळं वाचलं. चार मिनिटं लागली. नक्कल सोबत ठेवली आहे. उतरायची सोय दुसरीकडे बघ, आणि डिसेंबरात वाचायला मला उभी करू नकोस.

एके काळची तुझीच,
नोझुको